धंदा वाढला, वही अपुरी पडली!

सातारा जिल्ह्यातील एका गावी एका बाईंनी घरच्या घरी मसाले करून विकण्यास सुरुवात केली, असे समजू या. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि मेतकूट हे तीनच पदार्थ, आणि दिवसाला दहा मागण्या. बाई दोनशे पानी वहीत मागणी लिहीत. माल पोचला की तिच्यापुढे फुली मारत, पैसे आले की फुलीभोवती गोल काढत. एवढ्यावर धंदा सुरळीत चालला होता. वहीत एखादी गोष्ट लिहायची राहिली, तरी ती बाईंच्या ध्यानात असे.

दोन वर्षांत मागण्या दिवसाला शंभरावर गेल्या. मसाला कुटायला चार बाया आल्या, माल पोचवायला दोन मुलगे आले, हिशेबाला पुतण्या बसू लागला. माणसे अनेक आणि वही एक, हे जमेना. म्हणून पाच वह्या झाल्या : मागणीवही, साठावही, पाठवणीवही, बिलबुक आणि उधारीची वही. एके दिवशी वाईच्या एका दुकानदाराने १२ किलो मसाला मागवला. पाठवणीवहीत उतरवून घेताना त्याचे २१ किलो झाले. बिल मात्र १२ किलोचेच गेले. नऊ किलो मसाला फुकट गेला. महिनाअखेरीस साठा जुळेना, तेव्हा काहीतरी चुकले एवढेच कळले. कोठे चुकले ते कळेना.

अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, “एखादे चांगले सॉफ्टवेअर घ्या.” सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावल्या, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बाजारात अशा आज्ञावल्या शेकड्यांनी आहेत. त्यांतून कोणती, कशासाठी आणि केव्हा घ्यावी? या प्रश्नाला बरेचसे शास्त्रीय उत्तर देता येते, आणि त्यासाठी लागणारे गणित तुमच्या शाळेतलेच आहे. ते येथे पाहू.

चूक कोठे शिरते?

मागणी प्रथम मागणीवहीत लिहिली जाते. तीच माहिती पुढे चार ठिकाणी उतरवली जाते. उतरवून घेताना शंभरांत एकदा चूक होते, असे धरू. काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाच्या मानाने हा आकडा फार नाही. म्हणजे एकदा उतरवताना बरोबर येण्याची संभाव्यता ०.९९ झाली. चारही वेळा बरोबर येण्याची संभाव्यता :

०.९९ × ०.९९ × ०.९९ × ०.९९ = ०.९६ (सुमारे)

याचा अर्थ शंभर मागण्यांपैकी सुमारे चारांत कोठे ना कोठे चूक असणार. दिवसाला दहा मागण्या असताना महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत सुमारे दहा चुका होतील. शंभर मागण्यांना शंभरांहून अधिक. माणसे पूर्वीइतकीच दक्ष आहेत. त्यांच्या हातून उतरवण्याचे काम मात्र दसपट होत आहे.

चूक शोधणे तर त्याहून कठीण. पाच वह्यांपैकी कोणत्या दोन एकमेकींशी जुळत नाहीत हे पाहायचे, तर किती जोड्या तपासाव्या लागतील? n वस्तूंच्या जोड्या n(n−१)/२ होतात. पाच वह्यांच्या जोड्या (५ × ४)/२ = १०. आठ वह्या झाल्या तर जोड्या (८ × ७)/२ = २८. वह्या दुपटीहून कमी वाढल्या, पण जोड्या जवळजवळ तिप्पट झाल्या.

आता ध्यानात घ्या : बाईंनी पाच वह्यांच्या जागी पाच निरनिराळ्या आज्ञावल्या विकत घेतल्या, तर काय बदलेल? एकीतून माहिती वाचून दुसरीत पुन्हा टंकित करावी लागली, तर उतरवण्याची कामे तेवढीच राहतील आणि तपासायच्या जोड्याही दहाच राहतील. कागदाच्या जागी पडदा आला, एवढाच फरक. उलट, सर्व माहिती एका सामायिक साठ्यात ठेवली आणि पाचही कामे त्याच साठ्यातून आपापली माहिती घेऊ लागली, तर दुवे दहांऐवजी पाच होतात आणि उतरवणे संपतेच. म्हणून निवडीचे पहिले सूत्र असे : प्रत्येक माहिती एकदाच आणि एकाच जागी लिहिली जावी; इतरांनी ती तेथून घ्यावी.

चहागृहांचा संगणक

हे सूत्र संगणकाइतकेच जुने आहे. त्यासाठी इंग्लंडमधील ‘जे. लायन्स आणि कंपनी’ची गोष्ट पाहू. ही कंपनी चहा, केक, पाव असे पदार्थ करी आणि दोनशेहून अधिक चहागृहे चालवी. संगणक बनवण्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु हजारो लहान लहान विक्रींचे हिशेब ठेवता ठेवता तिच्या कचेऱ्या कारकुनांनी भरून गेल्या होत्या. १९२३ साली जॉन सिमन्स हे केंब्रिजमध्ये गणित शिकलेले गृहस्थ कंपनीत दाखल झाले. कचेरीतील प्रत्येक काम कसे चालते, कोणता कागद कोठून कोठे जातो आणि का जातो, याचा अभ्यास करण्याची पद्धत त्यांनी कंपनीत रुजवली.

१९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेस गेले. तेथे त्यांना नव्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची माहिती मिळाली, आणि असे एक यंत्र केंब्रिज विद्यापीठातच तयार होत असल्याचे कळले! कंपनीने विद्यापीठाला तीन हजार पौंड आणि मदतीला आपला एक तंत्रज्ञ दिला. ‘एडसॅक’ हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. त्याच्या धर्तीवर कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. त्याचे नाव ‘लिओ’. त्यात सुमारे सहा हजार निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून धावणाऱ्या ध्वनिस्पंदांच्या रूपात साठवली जाई. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओने बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम हाती घेतले. कचेरीचे नित्याचे काम नियमितपणे करणारा जगातील हा पहिला संगणक मानला जातो. पुढे पगारपत्रकांचे काम त्याच्याकडे आले. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनास आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरे.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ते १९५४ साली सुरू झालेले चहागृहांच्या मागण्यांचे काम. प्रत्येक चहागृहाला रोज कोणता पदार्थ किती हवा, याची संपूर्ण यादी रोज पाठवायची आणि ती सर्व संगणकात भरायची, तर केवळ ती भरण्यातच दिवस गेला असता. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाची मांडणीच बदलली. प्रत्येक चहागृहाची वाराप्रमाणे ठराविक मागणी संगणकाकडे कायमची नोंदलेली असे. व्यवस्थापक बाई दूरध्वनीवरून फक्त बदल कळवीत : आज पाव दहा कमी, केक पाच जास्त. ऐकणारी कर्मचारी तो बदल तेथल्या तेथे छिद्रपत्रावर छिद्रित करी. मध्ये कागद नाही, पुन्हा उतरवणे नाही.

यातून काय शिकायचे? लायन्सला लाभ झाला तो यंत्राच्या वेगामुळे जेवढा, तेवढाच आधीच्या अभ्यासामुळे. काम आधी समजून घेतले, अनावश्यक नोंदी काढून टाकल्या, मग उरलेले काम यंत्राकडे सोपवले. क्रम उलटा केला असता, तर गोंधळच अधिक वेगाने झाला असता.

दोनाचा सोळावा घात

आता अगदी अलीकडची घटना. २०२० साली कोविडच्या साथीत इंग्लंडमधील प्रयोगशाळांकडून तपासण्यांचे निकाल सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे येत. ते पुढे पाठवण्यापूर्वी स्प्रेडशीटच्या एका जुन्या प्रकारच्या फाइलीत भरले जात. या प्रकारच्या फाइलीत जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. हा आकडा कोठून आला? २ चा सोळावा घात काढून पाहा. ओळीचा क्रमांक लिहायला सोळा द्विमान अंक राखून ठेवले, की त्यांपासून तेवढेच निरनिराळे क्रमांक बनतात.

एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत. रुग्ण वाढले, फाइली भरल्या, आणि पुढच्या ओळी मुकाट्याने गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण दैनिक आकडेवारीतून सुटले. रुग्णांना त्यांचे निकाल मिळाले होते. पण त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांना शोधण्याचे काम कित्येक दिवस लांबले. साथीत ते दिवस मोलाचे होते.

स्प्रेडशीट हे साधन वाईट आहे का? मुळीच नाही. ते त्या कामाला योग्य नव्हते. नव्या प्रकारच्या फाइलीत १०,४८,५७६ ओळी, म्हणजे २ च्या विसाव्या घाताइतक्या ओळी मावतात. पण मर्यादा तिलाही आहेच. दोरखंडाला जसा भार सोसण्याचा आकडा असतो, तसा प्रत्येक साधनाला एक आकडा असतो. वाढत्या धंद्याने तो आधी विचारून घ्यावा. शिवाय मर्यादा गाठली की साधन ओरडून सांगते की गप्प बसते, हेही विचारावे.

साधनांच्या मुख्य जाती

स्प्रेडशीट : १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ ही आज्ञावली तयार केली. फळ्यावरच्या कोष्टकातील एक आकडा बदलला, की शिक्षकांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते, हे पाहून ब्रिकलिन यांना ती सुचली. आडव्या ओळी, उभे स्तंभ आणि चौकटींमध्ये सूत्रे, हे तिचे रूप. “मिरचीचा भाव दहा रुपयांनी वाढला तर नफा किती उरेल?” अशा प्रश्नांना हे साधन उत्तम. मात्र अनेक माणसांनी आपापल्या प्रती करून वर्षानुवर्षे नोंदी ठेवण्यास ते योग्य नव्हे.

हिशेबाच्या आज्ञावल्या : दुहेरी नोंदीच्या पद्धतीचे वर्णन करणारा लुका पाचिओली यांचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. नावे आणि जमा या दोन बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे, हा त्या पद्धतीतला तपासणीचा नियम आजच्या आज्ञावल्याही पाळतात. भारतात घरोघरी ठाऊक झालेली ‘टॅली’ ही अशाच कामासाठी, १९८६ साली बंगळूरमध्ये सुरू झालेल्या कंपनीची निर्मिती. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद आणि कराची विवरणपत्रे ही या आज्ञावल्यांची कामे.

माहितीसाठा, म्हणजेच डेटाबेस : १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत कशी ठेवावी, याची उपपत्ती मांडली. ग्राहकांचा एक तक्ता, पदार्थांचा एक, मागण्यांचा एक. मागणीच्या तक्त्यात ग्राहकाचे नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. ग्राहकाने पत्ता बदलला, की एकाच जागी दुरुस्ती. आपले पहिले सूत्र ते हेच! मागणी, साठा आणि बिले एकत्र सांभाळणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांच्या पोटात असा माहितीसाठा असतो.

केव्हा घ्यावे? एक समीकरण

साधन चांगले असले तरी ते आजच घ्यावे, असे नाही. कल्पित आकडे घेऊ. एका मागणीची पाच वह्यांतील लिखापढी सहा मिनिटांची. आज्ञावलीने ती दोन मिनिटांत होते. म्हणजे मागणीमागे चार मिनिटे वाचली. लिहिणाऱ्याच्या श्रमाचे मोल तासाला ६० रुपये, म्हणजे मिनिटाला एक रुपया धरू. दिवसाला x मागण्या आणि महिन्याला २६ दिवस, तर महिन्याची बचत :

४ × १ × २६ × x = १०४x रुपये

आज्ञावलीचा मासिक खर्च २,००० रुपये असेल, तर ती परवडण्यासाठी १०४x हे २,००० पेक्षा जास्त हवे. म्हणजे x किमान २० हवा. दहा मागण्या असताना बचत १,०४० रुपयेच होती. तेव्हा दोनशे पानी वही हेच योग्य साधन होते! शंभर मागण्यांना बचत १०,४०० रुपये होते. तेव्हा वहीला चिकटून राहणे महाग पडते.

या समीकरणात दोन पदे अजून घालायची आहेत. खर्चाच्या बाजूला माणसांना शिकवण्याचा वेळ आणि जुनी माहिती भरण्याचे श्रम. बचतीच्या बाजूला टळलेल्या चुकांची किंमत. वाईला गेलेला नऊ किलो मसाला आठवा.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. *चूक दारातच अडते का?* एकाच जागी लिहिण्यात एक धोका आहे : तेथे चूक झाली तर ती सर्वत्र पोचते. म्हणून साधनाने प्रवेशद्वारापाशी तपासणी करावी. वस्तू व सेवा कराच्या नोंदणी क्रमांकाचे उदाहरण घ्या. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे. क्रमांकात १५ चिन्हे असतात. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), आणि शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. कोणी एखादे चिन्ह चुकीचे टंकित केले, तर शेवटचे चिन्ह जुळत नाही आणि चूक तत्काळ कळते.

२. *आपली माहिती बाहेर काढता येते का?* उद्या दुसरे साधन घ्यावेसे वाटले, तर सर्व नोंदी साध्या, कोणत्याही यंत्राला वाचता येणाऱ्या फाइलीत मिळाल्या पाहिजेत. ज्या कोठारात धान्य भरता येते पण काढता येत नाही, ते कोठार काय कामाचे?

३. *दुसरी प्रत कोठे राहते?* संगणक बिघडतो, चोरीस जातो. नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी हवी. ती अधूनमधून उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

४. *कोणी काय बदलले ते दिसते का?* माल पोचवणाऱ्याला भाव बदलता येऊ नये. आणि हिशेबनिसाने भाव बदलला तर कोणी, केव्हा, ही नोंद राहावी. यात अविश्वास नाही. उलट, चूक झाल्यास निष्पाप माणसावर आळ येत नाही.

५. *वापरणाऱ्याला ते जमते का?* पडद्यावर मराठी आहे का? वीज किंवा इंटरनेट गेल्यास काम कसे चालेल? साधन निवडताना मालकाबरोबर ते रोज हाताळणाऱ्यालाही विचारावे.

या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तरी वह्या लगेच फेकू नयेत. महिनाभर वही आणि आज्ञावली दोन्ही चालवून आकडे ताडून पाहावेत. लायन्स कंपनीनेही पगाराचे काम सर्वस्वी लिओवर सोपवण्यापूर्वी काही काळ दोन्ही पद्धती जोडीने चालवल्या होत्या.

आता आपल्या मसालेवाल्या बाईंकडे परत येऊ. त्यांनी प्रथम काय करावे? एक कोरा कागद घ्यावा आणि मागणी आल्यापासून पैसे मिळेपर्यंतचा रस्ता काढावा. एकच आकडा जेथे जेथे पुन्हा लिहिला जातो, तेथे तांबडी खूण करावी. प्रत्येक ग्राहकाला आणि प्रत्येक पदार्थाला क्रमांक द्यावा, भावपत्रक एकच ठेवावे. एवढे केले, की आज्ञावली घेण्यापूर्वीच निम्मा गोंधळ ओसरेल, आणि कोणती आज्ञावली हवी हे तो कागदच सांगेल : जी सर्वांत जास्त तांबड्या खुणा पुसते ती!

करून पाहा

१. शाळेच्या ग्रंथालयात, किंवा ओळखीच्या दुकानात परवानगी घेऊन, एक नोंद किती ठिकाणी उतरवली जाते ते पाहा. तिचा रस्ता काढा आणि तांबड्या खुणा मोजा.

२. १२ चे २१ होणे, ५८ चे ८५ होणे, अशा अंकांच्या अदलाबदलीत पडणारा फरक नेहमी ९ ने निःशेष भागला जातो. (१०a + b) − (१०b + a) हे सोपे रूप देऊन ते सिद्ध करा. बेरजेतील फरकाला ९ ने भाग गेला, की जाणता हिशेबनीस प्रथम उलटसुलट झालेले अंक शोधू लागतो. का?

३. वरील समीकरणात मासिक खर्च ३,००० रुपये आणि मागणीमागे वाचणारा वेळ ३ मिनिटे घ्या. आता दिवसाला किमान किती मागण्या हव्यात? खर्च आणि बचत या दोन्ही रेषा आलेखावर काढून छेदनबिंदू दाखवा.

शिक्षकांसाठी : वर्गाचे पाच गट करून प्रत्येकाला एक ‘वही’ द्यावी. वीस मागण्या तोंडी सांगून त्या गटागटाने पुढे उतरवत न्याव्यात आणि शेवटी पहिली व पाचवी वही ताडून पाहावी. प्रत्यक्ष आलेल्या चुकांवरून एका उतरवणीतील चुकीचे प्रमाण मुलांनाच काढू द्यावे. आम्ही येथे गृहीत धरलेल्या ‘शंभरांत एक’ या आकड्याशी त्याची तुलना करणे उद्बोधक ठरेल.